‘मेकॉले’ या आडनावाचे मूळ आणि ते लावणारी घराणी कशी शोधावीत

सोलापुरात नव्या माणसाशी ओळख झाली की आडनाव ऐकताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मूळ गाव कोणते? पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांची तेलुगू आडनावे, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या घराण्यांची कन्नड आडनावे आणि बार्शीकर, मंगळवेढेकर अशी गावावरून पडलेली मराठी आडनावे शाळेच्या एकाच हजेरीपटावर शेजारी शेजारी असतात. त्यामुळे आडनाव एका भाषेतून दुसरीत गेले की त्याचे लेखन आणि उच्चार दोन्ही बदलतात, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. हीच नजर एखाद्या परक्या आडनावावर वापरून पाहायची असेल, तर ‘मेकॉले’ हे आडनाव त्यासाठी फार सोयीचे आहे. 1835 मधील इंग्रजी शिक्षणविषयक टिपण आणि भारतीय दंडसंहितेचा मसुदा यांमुळे ते शालेय वयापासून आपल्या कानांवर पडते, आणि नाव साहेबाचे म्हणून ते इंग्रजीच असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचे बाह्यरूप गेलिक, म्हणजे स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील जुन्या भाषेचे आहे आणि आतले मूळ नॉर्स, म्हणजे व्हायकिंग काळात स्कॅन्डिनेव्हियात बोलल्या जाणाऱ्या भाषेतील आहे. निदान एका घराण्यापुरते तरी ते तसे आहे. आणि हे ‘एका घराण्यापुरते’ सिद्ध करणे हाच या शोधाचा खरा भाग आहे.

आडनावाचा अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळांवर एका ओळीत उत्तर मिळते, परंतु ते उत्तर शब्दाचे असते, माणसांचे नसते. म्हणून शोधाची सुरुवात शब्दापासून करू नये. आधी ते आडनाव लावणारा एक निश्चित माणूस घ्यावा, त्याच्या पिढ्या एकेक करून मागे न्याव्यात, प्रत्येक पिढीचे गाव नोंदवावे आणि गाव नक्की झाल्यावरच भाषेकडे वळावे.

माणसापासून गावापर्यंत

ते टिपण लिहिणारे टॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांचा जन्म 25 ऑक्टोबर 1800 रोजी इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात, रॉथली टेंपल या वाड्यात झाला. जो शोधक येथेच थांबेल त्याला हे आडनाव इंग्रजी वाटेल. मराठी वाचकाची आणखी एक फसगत येथे होऊ शकते, कारण मधले नाव दिसले की ते वडिलांचे असणार असे आपण मनोमन समजतो. बॅबिंग्टन हे वडिलांचे नाव नाही. टॉमस यांच्या आत्याचे यजमान टॉमस बॅबिंग्टन हे त्या वाड्याचे मालक होते आणि बाळाचे नाव त्यांच्यावरून ठेवले गेले. तेव्हा ब्रिटिश नावातील मधला शब्द वंशाचा पुरावा म्हणून वापरण्याआधी तो कोणाकडून आला हे तपासून घ्यावे.

टॉमस यांचे वडील झकारी मेकॉले हे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे कार्यकर्ते होते. त्यांचा जन्म 1768 मध्ये पश्चिम स्कॉटलंडमधील इन्व्हररी येथे झाला. एकच पिढी मागे गेल्यावर इंग्लंड सुटले. झकारी यांचे वडील जॉन हे स्कॉटलंडच्या चर्चचे धर्मोपदेशक होते, आणि जॉन यांचे वडील औली मेकॉले हे हॅरिस बेटावर धर्मोपदेशक होते. 1746 मध्ये पराभूत होऊन बेटाबेटांतून लपत फिरणाऱ्या, ब्रिटिश गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला पकडून देण्याचा प्रयत्न याच औली यांनी केला होता. स्कॉटलंडच्या वायव्येकडील बाह्य हेब्रिडीझ द्वीपमालिकेत लुईस आणि हॅरिस हा एकाच भूमीचा उत्तर आणि दक्षिण भाग आहे, आणि मेकॉले घराण्याचे मूळ ठिकाण लुईसच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऊइग हा परगणा आहे.

पणजोबांच्या पहिल्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘औली’ हे तेच नाव आहे जे आडनावात ‘मॅक’ नंतर येते. ज्या पूर्वजाच्या नावावरून आडनाव पडले ते नाव घराण्यात पुन्हा पुन्हा ठेवले जात असेल, तर त्या घराण्याने आपल्या उगमाची आठवण जपली आहे असे मानायला जागा असते. हा स्वतंत्र पुरावा नव्हे, परंतु दिशा दाखवणारी खूण नक्कीच आहे.

‘मॅक’ उलगडताना

गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. आरंभी हे आडनाव नव्हतेच. आपल्या नावात मधोमध येणारे वडिलांचे नाव जसे दर पिढीला बदलते तसेच तेही बदलत असे. पुढे कधीतरी एका नामवंत पूर्वजापाशी ते गोठले आणि नातू-पणतूही स्वतःला त्याच्याच नावाने ‘मॅक’ म्हणवू लागले. हेब्रिडीझमध्ये हे गोठणे बरेच उशिरा झाले आणि गावात माणूस ओळखला जाई तो वडील-आजोबांच्या नावांच्या साखळीनेच. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातील कागदावर ‘मॅक औली’ दिसले तर ते आडनाव आहे की केवळ ‘औलीचा मुलगा’ एवढेच वर्णन आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. स्त्रियांच्या बाबतीत गेलिकमध्ये ‘मॅक’ ऐवजी ‘निक’ येते. लुईसमध्ये भाऊ मॅक औली आणि बहीण निक औली असेल, आणि इंग्रजी नोंदवहीत दोघेही मेकॉले म्हणून उतरतील.

आता आतल्या नावाकडे वळू. नॉर्स भाषेतील ‘ओलाफ’ हे नाव आजही नॉर्वेत प्रचलित आहे. त्याचे प्राचीन रूप भाषाभ्यासक ‘अनुलैबझ’ असे कल्पितात आणि त्याचा अर्थ पूर्वजांचा वारस, पूर्वजांमागे उरलेला, असा लावतात. या रूपातील ‘न’ पुढे विरत गेला. आधी त्याने शेजारच्या स्वराला नासिक्य दिले आणि नंतर तेही गेले. याच दरम्यान व्हायकिंग आयर्लंडमध्ये पोहोचले. आयरिश लेखनिकांनी हे नाव ‘अव्लाइव्ह’ अशा नाकातल्या उच्चाराने ऐकले आणि ‘अम्लाइव्ह’ असे ‘म’ घालून लिहिले, कारण त्यांच्या लेखनात स्वरानंतरचा ‘म’ हा नाकातून निघणाऱ्या ‘व’ साठी वापरला जाई. मराठीत ‘संवाद’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहिल्यास अनुस्वाराच्या जागी जो सानुनासिक ‘व’ निघतो तो याच्या अगदी जवळचा आहे. त्याच काळात इंग्लंडमधील लेखनिक हेच नाव ‘अन्लाफ’ असे ‘न’ सकट लिहीत होते. म्हणजे मूळ भाषेने जो वर्ण टाकून दिला त्याचा माग दोन परक्या भाषांच्या लेखनात शिल्लक राहिला. आयरिश वार्षिक नोंदींत 853 साली अम्लाइव्ह नावाचा एक नॉर्स राजपुत्र आयर्लंडला आल्याची नोंद आहे, आणि अम्लाइव्ह कुआरान हा डब्लिनचा राजा 980 मधील तारा येथील लढाईनंतर आयोना बेटावरील मठात जाऊन तेथेच मरण पावला. पुढे गेलिकमध्ये तो ‘व’ सैल होऊन मागच्या स्वरात मिसळला, ‘अवली’ चे ‘औली’ झाले आणि ‘मॅक’ जोडून इंग्रजांच्या तोंडी मेकॉले तयार झाले.

गावाच्या बाजूनेही हीच साक्ष मिळते. हेब्रिडीझ बेटे नॉर्वेच्या राजाने 1266 मधील पर्थच्या तहाने स्कॉटलंडला 4,000 मर्क (त्या काळचे चलनी मूल्य) आणि दरसाल 100 मर्क अशा बोलीवर दिली. तोवर ती नॉर्वेच्या सत्तेखाली होती, आणि गेलिक लोक त्यांना ‘परक्यांची बेटे’ म्हणत. ‘ऊइग’ हे गावाचे नावच नॉर्स ‘वीक’ म्हणजे खाडी यावरून आले आहे. याच ऊइग परगण्यात 1831 मध्ये वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या, बाराव्या शतकातील बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या. त्या बहुधा नॉर्वेतील ट्रॉनहेम येथे घडवल्या गेल्या असाव्यात. एकूण 93 वस्तूंपैकी 82 ब्रिटिश म्युझियममध्ये आणि 11 स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आपण ज्याला हत्ती म्हणतो त्या जागी तेथे पायदळाचा शिपाई आहे आणि त्यांतील काही शिपाई रणावेशात स्वतःच्या ढालीची कड दातांनी चावत आहेत. ज्या किनाऱ्यावर अशा वस्तू येत-जात होत्या तेथे मुलाचे नाव ओलाफ ठेवले जाणे मुळीच नवलाचे नाही.

एकसारखी दिसणारी, पण वेगळी घराणी

बहुतेक शोध येथेच बिघडतात. मेकॉले, मॅकऑली, मॅकॉली अशी रूपे दिसली की सगळ्यांना एका वंशवृक्षावर टांगण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण निदान पाच वेगळे उगम या आडनावाआड आहेत.

लुईसचे घराणे वर आलेच आहे. त्याची स्थानिक परंपरा आयल ऑफ मॅन आणि हेब्रिडीझ बेटांचा राजा ‘काळा ओलाफ’ (मृत्यू 1237) याच्यापर्यंत वंश नेते, परंतु त्याला समकालीन कागदाचा आधार नाही. त्या प्रदेशात ओलाफ हे नाव इतके सर्रास होते की राजाशीच संबंध जोडण्याची गरज नाही. अधिक भरवशाचा पूर्वज म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात होऊन गेलेला डोनाल्ड काम मेकॉले. ‘काम’ म्हणजे वाकडा. एक डोळा गेल्यामुळे त्याला ही उपाधी मिळाली असे सांगतात. मॉरिसन घराण्याशी त्याचे हाडवैर होते. कार्लोवे येथील प्राचीन दगडी बुरुजात मॉरिसन मंडळी लपली असता डोनाल्ड काम दगडांच्या सांध्यांत खंजीर रोवत वर चढला आणि पेटते गवत-झुडूप आत टाकून त्याने त्यांना धुराने गुदमरवले, ही कथा लुईसमध्ये आजही सांगितली जाते. अशी कथा टिपून ठेवावी, पण ती ‘परंपरा’ या सदरात.

दुसरे घराणे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर, डंबार्टनशायरमधील आर्डिनकेपल येथील. ‘क्लॅन मेकॉले’ (मेकॉले घराणे) या नावाने दुकानांत ज्या चिन्हांची विक्री होते ती याच घराण्याशी निगडित आहेत, लुईसशी नाही. आर्डिनकेपलच्या प्रमुखाने 1591 मध्ये मॅकग्रेगर प्रमुखाशी केलेल्या करारात आपण मॅकग्रेगरांचीच शाखा आहोत असे मान्य केले होते. या घराण्याचे नाव नॉर्स ‘ओलाफ’ वरून आले की ‘अव्हलगी’ या अस्सल जुन्या आयरिश नावावरून, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आयर्लंडमधील वेस्टमीथचे मॅकऑली मात्र निश्चितपणे त्या ‘अव्हलगी’ चे आहेत; त्यांच्या आडनावात नॉर्स काहीच नाही. इंग्रजी लेखनात दोन्ही नावे एकसारखी झाली, एवढेच.

चौथे घराणे सर्वांत बोलके आहे. आयर्लंडमधील फर्मॅनाचा राजा डॉन कॅरच मॅग्वायर 1302 मध्ये मरण पावला. त्याच्या औली नावाच्या मुलापासून तेथील मॅकऑली निघाले आणि त्यांच्यावरूनच तेथील एका उपविभागाला ‘क्लॅनॉली’ हे नाव मिळाले. मॅग्वायर हे समुद्रापासून आत वसलेले गेलिक राजघराणे होते. त्यांनी मुलाला नॉर्स उगमाचे नाव दिले, कारण तोवर ते आयर्लंडमध्ये साधे, घरगुती नाव झाले होते. आडनावाचे मूळ नॉर्स असले तरी रक्ताचे मूळ नॉर्स असेलच असे नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. पाचवे घराणे आयर्लंडच्याच कॉर्क परगण्यातील ड्युहॅलो भागातील. ते मॅकार्थींची शाखा मानले जाते, आणि तेथे शब्दाच्या शेवटचा ‘व’ टिकून त्याचा ‘फ’ झाला, म्हणून ते मॅकऑलिफ झाले. आयल ऑफ मॅनमध्ये तर ‘मॅक’ चा फक्त ‘क’ उरला आणि ‘काउली’ असे आडनाव तयार झाले. ते पाहून कोणाला मेकॉले आठवणारही नाही.

सोलापुरात बसून पाहता येणारे कागद

या कामासाठी विमानाचे तिकीट काढण्याची गरज नाही. एक बरा संगणक आणि परदेशी व्यवहार चालणारे कार्ड पुरेसे आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘स्कॉटलंड्स पीपल’ हे संकेतस्थळ प्रथम उघडावे. तेथे सूची शोधणे विनामूल्य आहे, परंतु बहुतेक मूळ पानांच्या प्रतिमा पाहण्यासाठी क्रेडिट विकत घ्यावे लागते. म्हणून सूचीतच गाव, वय आणि वर्ष यांवरून नावे गाळून घ्यावीत आणि मगच पैसे खर्चावेत. जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून सुरू झाली. त्याआधीचे सारे चर्चच्या नोंदवह्यांवर अवलंबून आहे. सर्वांत जुन्या नोंदवह्या 1553 पर्यंत जातात, पण हेब्रिडीझपुरते बोलायचे तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचे फारसे काही हाती लागत नाही. जिवंत व्यक्तींच्या खासगीपणासाठी जन्माच्या 100, विवाहाच्या 75 आणि मृत्यूच्या 50 वर्षांआतील नोंदींच्या प्रतिमा तेथे दाखवल्या जात नाहीत.

शोधपेटीत आडनावाचे एकच लेखन घालू नये. ‘मॅक’ हे पूर्ण, संक्षिप्त किंवा केवळ एका अक्षरापुढे वरची खूण देऊन लिहिलेले असते. मधला ‘सी’ एकदा किंवा दोनदा येतो. शेवट चार-पाच प्रकारे होतो. संकेतस्थळावर समान रूपे एकत्र शोधण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. 1841 पासूनच्या दर दहा वर्षांच्या जनगणना येथे आहेत आणि 1881 पासून गेलिक बोलणाऱ्यांचीही नोंद त्यांत मिळते. ग्लासगोच्या एखाद्या चाळवजा इमारतीतील मेकॉले कुटुंब गेलिक बोलणारे आणि रॉस परगण्यात जन्मलेले असेल, तर ते लुईसचे असण्याची शक्यता बरीच वाढते, कारण लुईस त्या काळी त्याच परगण्यात मोडत असे.

आयर्लंडची वाट अधिक खडतर आहे. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील स्फोट आणि आगीत तेथील अभिलेखागार जळाले आणि जुन्या जनगणनांचा फार मोठा भाग नष्ट झाला. 1901 आणि 1911 च्या जनगणना मात्र पूर्ण असून आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या विनामूल्य खुल्या केल्या आहेत. त्याआधीच्या काळासाठी 1847 ते 1864 दरम्यान झालेली जमीन-घरांची करआकारणी, जी ग्रिफिथ यांच्या नावाने ओळखली जाते, तीच मुख्य आधार ठरते. तीत घरातील सर्व माणसे नसून फक्त जमीन-घर कसणारे किंवा भाड्याने घेणारे आणि मालक असतात, पण कोणत्या परगण्यात कोणते लेखन दाट आहे हे तिच्यावरून चांगले कळते.

भारतात आलेल्या माणसांसाठी ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे कागद पाहावेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांतील ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रती लंडनला जात असत, आणि सोलापूर जिल्ह्याच्या नोंदी मुंबई इलाख्यात शोधाव्या लागतात.

धारकांची यादी करताना

येथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही, फक्त प्रत्येक नावापुढे ते जन्माने आले, विवाहाने आले की हौसेने, हे लिहावे. टॉमस यांचे चुलते कॉलिन मेकॉले हे त्रावणकोरचे रेसिडेंट होते; हे जन्माने लुईसच्या घराण्यातील. अठराव्या शतकातील इतिहासकार कॅथरिन मेकॉले यांना हे आडनाव स्कॉटिश पतीकडून मिळाले. 28 जानेवारी 1986 च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघातात मृत्यू पावलेल्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ माहेरच्या कॉरिगन होत्या. आणि अमेरिकन नट मकॉली कल्किन याचे तर ते पहिले नावच आहे. चौघांना एका यादीत बसवून ‘व्हायकिंगांचे वंशज’ असा मथळा दिला, तर यादी रंजक होईल आणि निरुपयोगीही.

मानचिन्हांच्या बाबतीतही असेच सावध राहावे. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार ढालीवरचे चिन्ह व्यक्तीला मिळते, आडनावाला नाही. तेव्हा आडनाव टंकून छापून मिळणाऱ्या चौकटीला पुरावा मानू नये. पितृवंशाची डीएनए चाचणी दोन पुरुषांचा पूर्वज समान आहे का हे सांगण्यास उपयोगी पडते, परंतु तिचा अर्थ लावण्यासाठी आधी कागदांवरून घराणे ठरलेले असावे लागते.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक विधानाला तीनपैकी एक दर्जा द्यावा: कागदाने सिद्ध, संभाव्य, किंवा परंपरेने सांगितलेले. टॉमस ते हॅरिसचे औली ही साखळी पहिल्या दर्जाची. ऊइगच्या मेकॉलेंचे आडनाव नॉर्स ओलाफवरून आले, हे भाषा आणि भूगोल या दोहोंच्या आधारे उत्तम प्रकारे संभाव्य. काळ्या ओलाफ राजाची गोष्ट तिसऱ्या दर्जाची, आणि ती तेथेच राहू द्यावी.

हात बसवण्यासाठी आणखी एक आडनाव घ्यायचे असल्यास 1884 मध्ये निघालेले सोलापूर जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटियर उघडावे. त्याच्या प्रती आंतरजालावर सहज मिळतात. त्या मालेचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्बेल होते. मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा, आणि कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. डोनाल्डला चिकटलेला ‘काम’ तो हाच. 1818 च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला घेणाऱ्या टॉमस मन्रो यांचे आडनावही स्कॉटलंडच्या गेलिक मुलखातलेच. या तिन्ही नावांत नॉर्स काही नाही. त्यांच्याशेजारी 1920 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेल्या सर नॉर्मन मॅक्लिओड यांचे आडनाव ठेवून पाहावे. त्यातील ‘लिओड’ हे नॉर्स ‘ल्योत’, म्हणजे कुरूप, या शब्दावरून आले आहे, आणि ज्या लिओडपासून हे घराणे निघाले तो तेराव्या शतकात त्याच हेब्रिडीझ बेटांवर होऊन गेला.